डावा हात आणि ८८ पट्ट्या

 

मागच्या एपिसोडच्या शेवटी मी पियानोचा मिनिटभराचा तुकडा ऐकवला होता आणि विचारलं होतं, सांगा बरं, किती हात वाजतायत? बहुतेकांनी 'दोन' लिहिलं. काहींना वाटलं दोघं जण शेजारी बसून वाजवतायत, म्हणजे चार. उत्तर मी दुसऱ्या दिवशी स्टोरीला टाकलं: एक. फक्त डावा हात. मॉरिस रावेल नावाच्या फ्रेंच संगीतकाराने डाव्या हातासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोमधला तो तुकडा होता. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा. त्यात एका जागी ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि पियानो एकटाच वाजत राहतो, तिथला.

त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला. भारी आहे म्हणे, पण ही सर्कसच झाली ना? एका चाकाची सायकल चालवणाऱ्याला टाळ्या वाजवतो आपण, पण ऑफिसला जाताना दोन चाकांचीच घेतो.

प्रश्न मला आवडला. कारण या विषयावर जे काही व्हिडिओ फिरतात, त्यात पहिली दहा मिनिटं डोळ्यांत पाणी आणायची खटपट असते आणि संगीत शेवटी तोंडी लावायला. तर आजचा एपिसोड त्या मेसेजला उत्तर म्हणून. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप, बोलताना अधूनमधून येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढून.

सुरुवात आपल्या पेटीपासून करू. भजनात, कीर्तनात, मैफलीत पेटीवाले काका काय करतात? उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. जवळपास सगळं वादन एकाच हाताने चाललेलं असतं. आपण कधी म्हणतो का, अरेरे, बिचारे एकाच हाताने वाजवतायत? नाही म्हणत. कारण दुसरा हात हवा पुरवतोय, आणि हवा आहे तोवर पट्टी दाबून ठेवली की सूर टिकतो. (जुन्या संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा ऑर्गन असायचा, तिथे दोन्ही हात मोकळे. पण तो वेगळा एपिसोड.)

पियानोत हवा नाही, तारा आहेत. पट्टी दाबली की दोन गोष्टी होतात. एक छोटी हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. आणि त्या तारेवर टेकून बसलेला नमद्याचा एक तुकडा उचलला जातो, त्याला डॅम्पर म्हणतात. पट्टी सोडली की डॅम्पर परत तारेवर बसतो आणि आवाज बंद. बोट उचललं, सूर गेला. आता अडचण बघा. एक पंजा ताणून ताणून नऊ-दहा पांढऱ्या पट्ट्या गाठतो. काळ्या-पांढऱ्या मिळून पियानोवर आहेत ८८. खालचा खर्ज आणि वरची धून एकत्र ऐकवायची तर एक हात दोन ठिकाणी असायला हवा.

इथे पाय मदतीला येतो. उजवीकडचं पेडल दाबलं की सगळे डॅम्पर एकदम वर. आता बोट उचललं तरी तार वाजत राहते. डावा हात खाली जाऊन खर्ज वाजवतो, पेडल तो धरून ठेवतं, तेवढ्यात हात उडी मारून मधे येतो, तीन-चार सूर एकत्र वाजवतो आणि त्यातला सगळ्यात वरचा सूर जरा जोराने. तो वरचा सूर म्हणजे धून. तंबोऱ्याची तार छेडून बोट काढलं तरी आस राहते, तसं. शिवाय डॅम्पर उठलेले असल्यामुळे न वाजवलेल्या ताराही थरथरतात, सतारीच्या तरफांसारख्या. त्यामुळे आवाज आणखी मोठा, भरलेला वाटतो. पेटीत भात्यावरचा हात सूर जिवंत ठेवतो, इथे ते काम पाय करतो.

फुकट काहीच मिळत नाही, अर्थात. पेडल सगळंच धरून ठेवतं, हवं ते आणि नको तेही. दोन वेगळ्या कॉर्ड एकमेकांत मिसळल्या की चिखल होतो. म्हणून कॉर्ड बदलताना पेडल सोडून पुन्हा दाबावं लागतं. पण सोडलं की जपून ठेवलेला खर्जही गेला, मग हाताला परत खाली धावायचं आणि तो उचलायचा. हे सगळं सेकंदाच्या छोट्या हिश्शात, आणि ऐकणाऱ्याला धावपळ कळता कामा नये. दोन हातांनी वाजवणाऱ्याला पेडलची एखादी कसर बोटांनी झाकता येते. एका हाताला ती सोय नाही.

माझ्या धंद्यातली उपमा द्यायचा मोह आवरत नाही. जुन्या फोनमध्ये प्रोसेसरचा एकच कोअर असायचा. तरी गाणं वाजत असताना मेसेज टाइप करता यायचा. दोन कामं एकाच क्षणी होत नव्हतीच, प्रोसेसर एकातून दुसऱ्यात इतक्या वेगाने उड्या मारायचा की आपल्याला कळायचं नाही. मात्र एक काम सोडून दुसरं घेताना पहिलं कुठवर आलं होतं ते मेमरीत ठेवावं लागतं. पियानोत ती मेमरी म्हणजे पेडल. आणि थोडी मेमरी आपल्या डोक्यात. पियानोचा प्रत्येक सूर वाजल्याक्षणी विरायला लागतो, पुढचा खर्ज येईपर्यंत आधीचा बराच गेलेला असतो. तो गेला असं आपल्याला वाटत नाही, कारण कान तो धरून बसलेला असतो. दोन हात 'ऐकू' येतात ते असे.

पण मग डावाच हात का?

दोन्ही तळवे खाली करून टेबलावर ठेवा. बसमध्ये असाल तर मांडीवर. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे आला ना? पियानोवर उजवीकडे म्हणजे चढे सूर. धून बहुतेक वेळा सगळ्यात वर असते. म्हणजे डाव्या हाताने एकट्याने वाजवताना धून येते अंगठ्यावर, सगळ्यात जाड आणि सगळ्यात मोकळ्या बोटावर. उजव्या हाताने एकट्याने वाजवायचं तर तीच धून करंगळी आणि अनामिकेच्या वाट्याला येते. अनामिका किती परावलंबी आहे बघायचंय? तळवा टेबलावर, मधलं बोट आत दुमडा, बाकीची सरळ, आता फक्त अनामिका उचला. नाही उचलत. तिचे स्नायू आणि शिरा शेजारणींशी जोडलेल्या आहेत.

लिओपोल्ड गोडोव्स्की नावाचा एक विलक्षण पियानोवादक होऊन गेला. त्याने शोपांच्या एत्यूडवर, म्हणजे मुळातच कठीण असलेल्या सरावाच्या रचनांवर, आणखी ५३ रचना बेतल्या. त्यातल्या २२ फक्त डाव्या हातासाठी. शोपांने दोन हातांना दिलेलं काम त्याने एका हातात कोंबलं. त्याचं ठाम मत होतं की डावा हात दुबळा नाही, त्याला फक्त काम दिलं जात नाही. ऑफिसात अशी माणसं आपण पाहतोच.

दुसरं कारण साधं आणि वाईट आहे. दुखापत उजव्या हाताला जास्त होते. स्क्रियाबिन मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकत असताना अतिसरावाने त्याचा उजवा हात दुखावला, त्या काळाची खूण म्हणजे डाव्या हाताचा प्रिल्यूड आणि नॉक्टर्न, १८९४. त्याआधी हंगेरीच्या काउंट गेझा झिचीने किशोरवयातच शिकारीच्या अपघातात उजवा हात गमावला होता, तरी तो लिस्टचा शिष्य झाला आणि मैफली केल्या. पण या सगळ्या संगीताला आजचा आकार आला तो एका माणसामुळे, आणि तो माणूस स्वभावाने फार गोड वगैरे नव्हता.

पाउल विटगेनश्टाइन. जन्म १८८७, व्हिएन्ना. बाप पोलाद उद्योगातला बडा धनिक, धाकटा भाऊ लुडविग पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या तत्त्वज्ञांमध्ये गणला गेला. पाउलने १९१३ मध्ये पियानोवादक म्हणून पदार्पण केलं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, पहिल्याच काही आठवड्यांत उजव्या हाताला गोळी लागली, हात कापावा लागला, आणि त्याच इस्पितळात तो रशियनांच्या हाती सापडला. तिथून थेट सायबेरियात, ओम्स्कच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. पियानो नव्हता. तो लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं चालवत बसायचा, ओळखीच्या रचना एका हातात कशा मावतील याचा हिशोब करत. तिथूनच त्याने आपल्या जुन्या गुरूंना, योझेफ लाबोर या अंध संगीतकारांना, पत्र लिहून डाव्या हातासाठी काहीतरी लिहून मागितलं. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आल्यावर १९१६ मध्ये त्याने व्हिएन्नात ते वाजवलं.

मग त्याने वडिलोपार्जित पैसा कामाला लावला. कॉर्नगोल्ड, हिंडेमिट, रिचर्ड स्ट्राउस, रावेल, प्रोकोफिएव, ब्रिटन. त्या काळातली मोठमोठी नावं, आणि प्रत्येकाकडून डाव्या हातासाठी पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना. व्यवहार रोख, आणि अट एक: ही रचना वाजवायचा हक्क काही काळ फक्त माझा. एक्सक्लुझिव्ह लायसन्स म्हणा ना. पैसे देऊन कोड लिहून घेतला, पण रिपॉझिटरी प्रायव्हेट.

आणि आवडलं नाही तर वाजवायचंच नाही! प्रोकोफिएवने १९३१ मध्ये चौथा कॉन्चेर्टो पाठवला. विटगेनश्टाइनने आभार मानले आणि कळवलं की यातला एकही सूर मला कळत नाही, मी हे वाजवणार नाही. तो कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला १९५६ मध्ये बर्लिनला, झीगफ्रीड राप नावाच्या पियानोवादकाकडून. राप दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला होता. तोवर प्रोकोफिएव जाऊन तीन वर्षं झाली होती. हिंडेमिटच्या रचनेचं तर याहून वाईट. १९२३ मध्ये लिहिली, विटगेनश्टाइनने कधी वाजवली नाही, दुसऱ्या कुणाला दिली नाही. त्याच्या पत्नीच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये अमेरिकेतल्या घरातल्या कागदपत्रांत ती सापडली. ऐंशी वर्षं कपाटात!

रावेलशी झालेलं भांडण प्रसिद्ध आहे. रावेलने आधी अभ्यास केला. सँ-साँसच्या डाव्या हाताच्या सहा एत्यूड वगैरे नीट पाहून घेतल्या आणि स्वतःला अट घातली की ऐकणाऱ्याला हे दोन हातांच्या संगीतापेक्षा विरळ वाटता कामा नये. पण विटगेनश्टाइनला सुरुवातीला रचना रुचलीच नाही. पियानो एकटाच वाजतो तो भाग पाहून त्याचं म्हणणं असं की मला ऑर्केस्ट्राशिवाय वाजवायचं असतं तर कॉन्चेर्टो कशाला मागवला असता? (हो, तुम्ही ऐकलात तोच प्रकार.) ५ जानेवारी १९३२ ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. पण त्याने रचनेत स्वतःच्या मनाने बदल केले आणि रावेलने ते ऐकले तेव्हा तो भयंकर चिडला. विटगेनश्टाइनचं म्हणणं, वादक म्हणजे गुलाम नव्हे. रावेलचं म्हणणं नेमकं उलट. पुढे हक्काची मुदत सरल्यावर १९३७ मध्ये रावेलच्या पसंतीच्या झाक फेव्रिएने पॅरिसमध्ये ते लिहिलं तसं वाजवलं. फेव्रिएला दोन्ही हात होते.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सर्कसवाल्या मेसेजचं उत्तर इथून सुरू होतं. या संगीतातला काही उत्तम भाग दोन्ही हात धडधाकट असलेल्या लोकांनी, स्वतःहून, एका हाताचा ठेवला.

सगळ्यात चांगलं उदाहरण ब्राम्स. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी एक शाकोन लिहिली, साधारण पंधरा मिनिटांची. छोटीशी मूळ आकृती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिच्यावर वेगळं बांधकाम. व्हायोलिनला चार तारा आणि एक गज, तरी बाख त्यातून तीन-चार आवाजांचा भास उभा करतो. पुढे बुसोनीने तिचं पियानोसाठी दोन हातांचं रूपांतर केलं, भव्य, गडगडाटी, चर्चच्या ऑर्गनसारखं. ब्राम्सने मात्र १८७७ मध्ये ती फक्त डाव्या हातासाठी लिहिली, बऱ्याच अंशी मूळ सूर एक सप्तक खाली आणून. त्याचं कारण त्याने क्लारा शुमानला कळवलं होतं: एकाच हाताने वाजवलं की मला व्हायोलिनवाल्यासारखं वाटतं. तीच ओढाताण, तीच उडी, तेच मोजकं साहित्य. दोन हात आले की ती अडचण संपते, आणि शाकोन तर त्या अडचणीवरच उभी आहे. गंमत म्हणजे नेमकं त्याच सुमारास क्लाराचा उजवा हात ड्रॉवर उघडताना लचकला होता, त्यामुळे तिला हे पार्सल अगदी वेळेवर पोचलं.

मला ब्राम्सचं रूप बुसोनीपेक्षा सरस वाटतं. इनबॉक्समध्ये भांडा.

आता जरा माझं. दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट सहा आठवडे स्प्लिंटमध्ये होतं. दिवसभर लॅपटॉप, रात्री फोन, दुसरं काय. माउस डाव्या हातात आला, वेग निम्म्यावर. घरी ६१ पट्ट्यांचा सेकंडहँड कीबोर्ड पडून होता, त्याला एक पेडल विकत घेतलं आणि स्क्रियाबिनच्या त्या प्रिल्यूडला भिडलो. पहिल्या ओळीच्या फार पुढे गेलो नाही. पण एक कळलं, अवघड हात नसतो, अवघड पाय असतो. हात कुठे जायचंय ते आठवड्याभरात शिकला. पाय मात्र कायम एक तर घाईत किंवा उशिरा. आणि मी ऐकायला शिकलो. आधी पियानो ऐकताना धून ऐकायचो. आता खर्ज कधी सुटतो ते आपोआप कळतं.

त्या सहा आठवड्यांत मी लिऑन फ्लायशर खूप ऐकला. अमेरिकन, जन्म १९२८, तरुणपणीच जगातल्या पहिल्या रांगेतला पियानोवादक. १९६४ च्या सुमारास, वय छत्तीस, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप आत वळायला लागल्या. हाड मोडलं नव्हतं, शिर तुटली नव्हती. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बिघाड बोटात नसतो, मेंदू बोटांना जे आदेश पाठवतो त्यात असतो. हजारो तास तेच तेच बारीक काम करणाऱ्यांत, वादकांत, लिहिणाऱ्यांत तो दिसतो. त्या काळी त्याला धड निदानसुद्धा मिळालं नाही. त्याने शिकवलं, ऑर्केस्ट्राचं संचालन केलं, आणि डाव्या हाताचं संगीत वाजवलं, रावेल तर असंख्य वेळा. मला मनगट सहा आठवड्यांत परत मिळालं. त्याला तीसेक वर्षं लागली. १९९० च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटं सैल झाली आणि २००४ मध्ये त्याचा अल्बम आला, नाव 'टू हँड्स'.

आणि त्याच २००४ मध्ये, डिसेंबरात, बर्लिन फिलहार्मोनिकसोबत कपाटातून निघालेली ती हिंडेमिटची रचना पहिल्यांदा वाजली. वाजवणारा फ्लायशर. उजवा हात परत आलेला होता. तो बाजूला ठेवून त्याने डाव्याने वाजवलं.

निकोलस मॅकार्थी या ब्रिटिश पियानोवादकाची गोष्ट आणखी वेगळी. जन्म १९८९, उजवा हात जन्मतःच नाही. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून पदवी घेणारा तो पहिला एका हाताचा पियानोवादक. त्याने काही 'गमावलं' नाही, त्याच्यासाठी पियानो पहिल्यापासून असाच आहे. त्याला ऐकताना हळहळ वाटत असेल तर ती आपली अडचण, त्याची नाही. आणि हळहळीत एक तोटा आहे, मंडळी. कीव करत ऐकलं की आपण वाईट वादनालाही टाळ्या वाजवतो आणि चांगलं वादन चांगलं का आहे ते ऐकतच नाही. पेडल कुठे बदललं, खर्ज कसा उचलला, अंगठ्याने धून कशी गायली, सगळं हुकतं.

ऐकायला कुठून सुरू करायचं ते सांगून थांबतो. आधी बाखची शाकोन व्हायोलिनवर. मग बुसोनी. मग ब्राम्स. एकाच बैठकीत नाही जमलं तर तीन दिवस घ्या. त्यानंतर स्क्रियाबिनचा नॉक्टर्न, सहाएक मिनिटांचा, यात अंगठा कसा गातो ते ऐका, डोळे मिटून. व्हिडिओ नंतर बघा, आधी बघितला की कान आळशी होतो. शेवटी रावेल, अठराएक मिनिटं, एकच सलग भाग. तो मात्र हेडफोन लावूनच ऐका. सुरुवात कॉन्ट्राबसून नावाच्या वाद्याने होते, इतक्या खालून की फोनच्या स्पीकरवर नुसती शांतता ऐकू येते आणि तुम्हाला वाटेल नेट गेलं.

चला, पुढच्या शुक्रवारी भेटू.